शेवटची बारा वचनं

ताई, भेटायला येणारे सगळे एकच विचारतात, शेवटी फार त्रास झाला का. मी ‘नाही’ म्हणतो. झोपेतच गेली, म्हणतो. त्यांना बरं वाटतं. ते चहा पितात आणि जाताना ‘जय मसीह की’ म्हणून माझा खांदा दाबतात. किती त्रास झाला हे तुला आणि मलाच ठाऊक. तू असतीस तर म्हणाली असतीस, “काहून खोटं बोलून राहिला रे विनू?” मग मी म्हणालो असतो, लोकांना खरं ऐकायचंच नसतं, आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं असतं. तुला मातीत ठेवून आज नऊ दिवस झाले. या नऊ दिवसांत मला त्या भांडणाचीच सगळ्यात जास्त आठवण आली.

परवाच्या प्रार्थनासभेत पास्टर साहेबांनी तुला ‘वचन की वफ़ादार सेविका’ म्हटलं. डोळे मिटून, खालच्या आवाजात. तीन वर्षांपूर्वी याच माणसानं तुझा शिकवण्याचा वर्ग काढून घेतला होता. तेव्हापासून तू चर्चमध्ये अगदी मागे, खांबाआड बसायचीस. उपासना संपली की कोणाशी न बोलता ऑटो पकडून विजय नगरला माझ्याकडे जेवायला यायचीस. सभेत त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. ‘परिवार की ओर से दो शब्द’ म्हणून मला उठवलं, तर मीही सगळ्यांचे आभार मानून खाली बसलो. तिथे जे बोललो नाही ते आता लिहून काढतो आहे. तू हे वाचणार नाहीस हे मला माहीत आहे. त्या बाबतीत माझं मत अजून बदललेलं नाही.

आपल्या घरात भांडण नवीन नव्हतं. बाबा इथे जबलपूरला रिछाईच्या कारखान्यात फिटर होते. संध्याकाळी आले की हातांचं तेल रॉकेलनं काढायचे, मग साबणानं घासायचे, आणि मगच शास्त्र उघडायचे. आजोबांनी अचलपूरहून आणलेलं ते मराठी शास्त्र, आपलं बायबल. चर्च हिंदी, शाळा हिंदी, गल्ली हिंदी, पण देव आपल्या घरात मराठीत बोलायचा. मी नववीत असताना शाळेच्या सरांनी आम्हाला बडा सिमलाच्या टेकडीवर नेलं. लाखो नव्हे, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या अजस्र प्राण्यांची हाडं इथे सापडली, असं ते म्हणाले. त्या दिवशी जेवताना मी बाबांना म्हणालो, जग सहा दिवसांत झालं हे साफ चूक आहे. बाबांनी ताट सरकवलं. आई माझ्याकडे डोळे वटारून बघू लागली. तेव्हा तू, बी.ए.ची पोर, पोळी लाटता लाटता म्हणालीस, “बाबा, पहिले तीन दिवस तर सूर्यच नव्हता ना? मग तो दिवस मोजला कशानं?”

कोणी शिकवलं हे, म्हणून बाबांनी विचारलं. तू म्हणालीस, “माझं नाही हे. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या धर्मगुरूंनीच विचारलंय.” बाबांनी ताट पुन्हा जवळ ओढलं. मला त्या दिवशी तुझा राग आला होता. मला जिंकायचं होतं, आणि तू दोघांनाही जिंकू दिलं नाहीस.

पुढे मी फार्मासिस्ट झालो, सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे बसलो आणि चर्चला जाणं सोडलं. नाताळला तेवढा यायचो, केकसाठी. तू मात्र चाळिशीत ग्रीक शिकायला घेतलंस. स्वयंपाकघराच्या फरशांवर अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्यास. अल्फा, बीटा, गॅमा मला औषधांमुळे येत होते. पुढची अक्षरं तू मला भाजी चिरताना शिकवलीस आणि मी ती विसरलो.

रविवारची जेवणं आठवतात. मी म्हणायचो, दुर्बिणीतून आकाश पाहणाऱ्या त्या इटालियन म्हाताऱ्याला तुमच्या लोकांनी घरात कोंडलं. तू म्हणायचीस, “तो म्हातारा पण आमचाच होता ना रे. तो पण प्रार्थना करून झोपायचा. दोघांच्या हातात एकच शास्त्र होतं, वाचणारे वेगळे.” मी म्हणायचो, देवीची लस आली तेव्हा तुमचे धर्मगुरू म्हणाले की हे देवाच्या कामात हात घालणं आहे. तू म्हणायचीस, “आणि गावोगाव फिरून ती लस टोचणारे मिशनरी डॉक्टर कोण होते? तुला त्यातले अर्धेच लोक आठवतात.” मी चिडून म्हणायचो की तुझं शास्त्र हातानं उतरवून काढलेलं आहे, हजारो लोकांनी, डुलक्या घेत, ओळी गाळत. एका शून्याची चूक झाली तर माझ्या खिडकीवर माणूस मरतो. त्यावर तू शांतपणे विचारलं होतंस, “मग डॉक्टरचं अक्षर लागलं नाही तर तू काय करतो? चिठ्ठी फाडून टाकतो, की डॉक्टरला विचारायला जातो?”

“विचारायला जातो.”

“मी पण तेच करून राहिली.”



आता शास्त्रातल्या त्या बारा वचनांबद्दल. तू हा धडा मला तीन-चार वेळा समजावला होतास, म्हणून लक्षात आहे. येशूच्या चार चरित्रांपैकी मार्कचं शुभवर्तमान सगळ्यांत छोटं. त्याच्या जुन्यातल्या जुन्या हस्तलिखित प्रती जिथे संपतात, तिथे येशूची कबर रिकामी दिसते, तीन बायका थरथरत पळत सुटतात आणि घाबरल्यामुळे कोणाला काहीच सांगत नाहीत. बस, तिथेच संपतं. नंतरच्या प्रतींत पुढे आणखी बारा वचनं येतात. त्यांत पुन्हा जिवंत झालेला प्रभू भेटतो, आणि विश्वास ठेवणाऱ्यांना काही गोष्टी सांगतो. ते साप उचलतील, विष प्यायले तरी त्यांना बाधणार नाही, आजाऱ्यांवर हात ठेवतील आणि ते बरे होतील. ही वचनं मागाहून कोणीतरी जोडली असावीत, असं मोठमोठे श्रद्धाळू विद्वानसुद्धा म्हणत आले, आणि त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. तुला तो वाद आवडायचा. “शेवट असा अर्धवट कसा सोडला असेल, हे कोणाला तरी सहन झालं नसेल,” तू म्हणायचीस. प्रत उतरवणाऱ्या त्या अनोळखी माणसाबद्दल तुझ्या आवाजात माया असायची.

चर्चनं चालवलेल्या त्या छोट्या प्रशिक्षण वर्गात तू शिकवत होतीस. मुलं गावांतली, बरगी, शहापुरा, कुंडमकडची. सगळी तुला दीदी म्हणायची. त्यांतला सुखलाल तुझा सगळ्यात लाडका. कुंडमच्या पुढच्या जंगलातल्या गावचा गोंड मुलगा, नुकतं लग्न झालेला, दहावी नापास, पण प्रश्न असे विचारायचा की तू घरी येऊन मला सांगायचीस. नाताळला तो बायकोला, फूलमतीला, घेऊन माझ्याकडे आला होता. ती संपूर्ण वेळ दाराजवळच्या खुर्चीवर बसली, आणि केक पदरात बांधून सासूसाठी घेऊन गेली.

त्या वर्षी मार्क शिकवताना शेवटच्या धड्यापाशी तू थांबलीस. मुलांना हे सांगायचं की नाही? त्यांच्या हिंदी शास्त्रात ती वचनं मागाहूनची असल्याचा ना कंस होता, ना तळटीप. तू दोन पानं हिंदीत लिहून काढलीस आणि पास्टर साहेबांना दाखवलीस. ते म्हणाले, “दीदी, गाँव के लड़के हैं. आज बारह वचन पर शक करेंगे, कल पूरी किताब पर. आगे आप सोच लीजिए.” तू ती पानं घेऊन माझ्याकडे आलीस. दवाखान्यात, दुपारच्या सुट्टीत. मी डबा खात होतो. तू उभ्याउभ्याच पानं पुढे केलीस आणि म्हणालीस, “तू सांग. तू तर सायन्सवाला आहे.”

मी ती वाचली. फार चांगली लिहिली होतीस, ताई. एक शब्द जड नव्हता. शेवटी लिहिलं होतंस की ही वचनं खरी असोत वा जोडलेली, साप चावला तर माणसाला दवाखान्यात न्यावं, कारण औषध हीसुद्धा देवाचीच देणगी आहे.

आणि मी म्हणालो, “राहू दे.”

“काहून?”

“त्यांच्या डोक्यात गोंधळ होईल. तू सांगशील एक, ते समजतील दुसरं. वर पास्टरशी वाकडं येईल.”

“पण खरं तर आहे ना, विनू?”

“खरं असलं म्हणून काय सगळ्यांना सगळं सांगायचं? मी प्रत्येक पेशंटला औषधाचे सगळे दुष्परिणाम वाचून दाखवतो का? आणि साप उचलायला कोण जातंय, ताई? हे सगळं कोणी शब्दशः घेत नाही.”

तू पानांकडे पाहत राहिलीस. मग पर्समध्ये ठेवलीस. मी तुला डब्यातला मुळ्याचा पराठा दिला, तू अर्धा खाल्लास. पंधरा दिवसांनी तू तो धडा शेवटच्या वचनापर्यंत शिकवलास, त्या दोन पानांतलं काहीही न सांगता. जन्मभर तुझ्याशी खऱ्याखोट्यावरून वाद घालणारा मी, त्या एका दिवशी तुला खोट्याच्या बाजूला ढकलून डबा धुवायला गेलो. का? मी फार विचार केला आहे. मला वाटतं, ती मुलं मला मुळात महत्त्वाचीच वाटत नव्हती. भोळे लोक, जगू द्या त्यांना त्यांच्या भोळेपणात, असं काहीतरी. तू त्यांना दोन पानांच्या लायकीचं समजत होतीस. मी नाही.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये, सकाळी सातच्या सुमाराला फूलमती चुलीसाठी लाकडं ओढत होती. ढिगातून नाग निघाला आणि तिच्या बोटाला चावला. सुखलाल घरीच होता. तोवर तो गावातल्या आठ-दहा घरांचा उपदेशक झाला होता. त्यानं तिला चटईवर बसवलं, सगळ्यांना बोलावलं, शास्त्रातली ती जागा काढून मोठ्यानं वाचली आणि तिच्यावर हात ठेवले. कुंडमचा दवाखाना सात-आठ किलोमीटरवर. शेजारी मोटरसायकल सुरू करून दारात उभा होता. थोड्या वेळानं त्यानं ती बंद केली, मग परत सुरू केली. सुखलाल उठला नाही. दुपारी तिच्या पापण्या जड होऊन मिटू लागल्या, तेव्हा त्याला वाटलं तिला शांत झोप लागते आहे. दोन वाजता तिला थुंकी गिळता येईना. तेव्हा शेजाऱ्यानंच तिला उचललं.

कुंडमहून लगेच इकडे पाठवलं. साडेचारला आली तेव्हा श्वास जवळजवळ थांबला होता. मी सुखलालला ओळखलं, मग तिला ओळखलं. औषध आणायला कोणाला पाठवलं नाही, मीच धावलो. सापाच्या विषावरच्या कुप्या फ्रिजमध्ये होत्या, ताई. त्या दिवशी पुरेशा होत्या. डॉक्टरांनी नळी घातली, दोन तास सगळं केलं. सहा-वीसला ती गेली.

मी तुला फोन केला. तू ऑटोनं आलीस, पायात दोन वेगळ्या चपला. सुखलाल जिन्याखाली भिंतीला टेकून बसला होता. तू त्याच्या शेजारी फरशीवर बसलीस. तो म्हणाला, “दीदी, मैंने सब वैसे ही किया जैसा लिखा है.”

तू त्याचं डोकं खांद्यावर घेतलंस आणि त्याच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलंस. एकदाच. त्यानंतर एवढ्या वर्षांत तू मला एका शब्दानं दोष दिला नाहीस. दिला असतास तर बरं झालं असतं. मी काहीतरी उत्तर दिलं असतं, आपण भांडलो असतो.

महिन्याभरानं तू म्हणालीस, मला कुंडमला ने. आपण बसनं गेलो, पुढे जीपनं. सुखलाल अंगणात झाडू मारत होता. त्यानं खाट टाकली, आपल्याला पाणी दिलं. तू ते दोन कागद काढले नाहीस. तोंडानंच सांगितलंस, सगळं. की जुन्या प्रतींत ही वचनं नाहीत, की तुला हे तेव्हाही माहीत होतं, की तू ते वर्गात सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही. माझं नाव तू घेतलं नाहीस. मी शेजारी बसून खाटेच्या सुंभाकडे पाहत होतो.

मला वाटलं तो ओरडेल. निदान उठून जाईल. तो हात जोडून म्हणाला, “दीदी, ये मुझसे मत छीनो. वचन सच्चा है, मेरा विश्वास कम पड़ गया था. अगर वचन ही झूठा निकला, तो फूलमती यूँ ही मर गई.”

“सुखलाल, मेरी बात सुनो…”

“नहीं दीदी. आप चाय पी के जाओ.”

परतीच्या बसमध्ये तू खिडकीशी बसलीस. जबलपूर येईपर्यंत एकच वाक्य बोललीस, “आता मी माफी कोणाला मागू?” मला तेव्हा बोलायचं होतं. माफी तू नाही, मी मागायला हवी, असं. बसमध्ये फार गर्दी आहे, घरी गेल्यावर बोलू, असं मी स्वतःला सांगितलं. मग घर आलं.

त्यानंतरच्या एका रविवारी चर्चमध्ये, लोक उठून साक्ष देतात, आपला अनुभव सांगतात, त्या वेळी तू उभी राहिलीस. मी तिथे नव्हतो. मला लोकांकडून कळलं की तू पाच मिनिटं बोललीस, रडली नाहीस, कोणाला दोष दिला नाहीस. फक्त सांगितलंस की आपण ज्याच्यावर प्रेम करतो त्या ग्रंथाबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते लपवणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं. आणि तुला हे ठाऊक असून तू लपवलंस, म्हणून एक मुलगी गेली. कोणीतरी मागून म्हणालं, “बैठ जाइए, दीदी.” दुसऱ्यानं गाणं सुरू केलं. तू गाणं संपेपर्यंत उभी होतीस.

दोन दिवसांनी पास्टर साहेब माझ्याकडे आले. ते वाईट नव्हते, ताई, तू हे नेहमी म्हणायचीस आणि ते खरं आहे. फूलमतीच्या कबरीवर ते लहान मुलासारखे रडले होते. पण ते घाबरले होते. सोफ्याच्या टोकावर बसून म्हणाले, “दीदी कुछ दिन आराम करें तो अच्छा है. और भैया, बुरा मत मानिए, ये सब आपके साथ बैठने का असर है. आपका साइंस उनको ले डूबा.”

मी तेव्हा सांगू शकलो असतो. साहेब, ही तर ते सगळं आधीच सांगणार होती. माझ्याच सायन्सनं तिला गप्प केलं. तुम्ही आणि मी एका बाजूला होतो, ती एकटी दुसरीकडे. मी म्हणालो, “ठीक है.” माझ्या बायकोनं त्यांना सरबत दिलं.

तुझे ‘कुछ दिन’ कधी संपले नाहीत. वर्गात दुसरा माणूस आला. तू घरी बसून शिकवण्या घेतल्यास, दहावीच्या मुलांना ‘मराठी माणसाची हिंदी’ शिकवून राहिली, असं म्हणून हसायचीस. ग्रीक बंद केलंस. मी एकदा विचारलं तर म्हणालीस, “आता कोणाला सांगायचं आहे.”

मग पोटाचं दुखणं निघालं, आणि कळलं तेव्हा उशीर झालेला होता. सगळे उपचार तू शिस्तीनं घेतलेस. मी दिलेल्या औषधांच्या वेळा तुला माझ्यापेक्षा पाठ होत्या. शेवटच्या महिन्यात चर्चच्या मंडळीतल्या बायका प्रार्थना करायला यायला लागल्या. एकदा त्यांनी तुझ्याभोवती उभं राहून तुझ्या पोटावर, कपाळावर हात ठेवले आणि तीच वचनं म्हटली, आजाऱ्यांवर हात ठेवण्याची. तू डोळे मिटून पडली होतीस. त्या गेल्यावर मी म्हणालो, “काहून ऐकून घेतलं? तुला तरी माहीत आहे ना ते काय आहे?”

तू म्हणालीस, “हात गरम होते रे त्यांचे.”

त्याच संध्याकाळी मी तुला तो जुना प्रश्न विचारला, तुझा अजून विश्वास आहे का. मला वाटलं तू नेहमीसारखं काहीतरी चपखल बोलशील, मला गप्प करशील. तू छताकडे पाहिलंस. “माहीत नाही, विनू. आधी माहीत होतं.” एवढंच. आयुष्यभर मी तुझ्याकडून हे ऐकायला भांडलो होतो, आणि ऐकलं तेव्हा मला कोणीतरी घरावरचं छप्पर काढून नेल्यासारखं झालं. तू विश्वास ठेवायचीस म्हणून मला न ठेवणं परवडत होतं. हे मला तेव्हा कळलं.

एका दुपारी मी सुरुवातही केली होती. “ताई, त्या दिवशी दवाखान्यात तू ती पानं घेऊन आली होतीस…” तू म्हणालीस, “पंखा कमी कर, थंडी वाजून राहिली.” मी पंखा कमी केला, तुझ्या पायांवर शाल टाकली. परत बसलो तोवर तुझा डोळा लागला होता. की तू मिटून घेतला होतास? तुला ऐकायचं नव्हतं, की मला त्यातून सोडवायचं होतं? मी आता कोणाला विचारू?

काल सुखलाल आला. त्याला उशिरा कळलं, म्हणून. केस पांढरे व्हायला लागलेत त्याचे, तिशीतच. तुझ्या फोटोपुढे उभा राहिला, रडला, जेवला. जेवताना मी त्याला सांगून टाकलं. “सुखलाल, दीदी तुम लोगों को वो बात क्लास में बताने वाली थीं. पूरे दो पन्ने लिखे थे. मैंने रोका था. ग़लती उनकी नहीं, मेरी है.”

त्यानं घास खाली ठेवला. या एका माणसाला तरी मला शिव्या देण्याचा हक्क होता.

“अच्छा किया, भैया,” तो म्हणाला. “बता देतीं तो मैं प्रार्थना किस भरोसे करता?”

मग त्यानं मला सांगितलं. मागच्या बरसातीत शेजारच्या गावातल्या एका मुलीला साप चावला. काळा साप. त्यानं दिवसभर प्रार्थना केली, आणि ती वाचली. आता दोन गावं त्याच्या मंडळीत आली आहेत, लोक लांबून पोरांना घेऊन येतात. फूलमती गेल्यापासून त्याच्या चेहऱ्यावर मी असा उजेड पाहिला नव्हता. मी तीस वर्षं औषधांच्या खिडकीमागे काढली आहेत, ताई. पुष्कळ साप विषारी नसतात. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष आत जातंच असं नाही. मी हे त्याला समजावलं. सावकाश, हिंदीत, तू लिहायचीस तसं, एकही जड शब्द न वापरता. शेवटी म्हणालो, “प्रार्थना ज़रूर करो, पर पहले अस्पताल लाओ. गाड़ी में प्रार्थना करो. मुझे फ़ोन कर देना, मैं दरवाज़े पर खड़ा मिलूँगा.”

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग तुझ्या फोटोकडे पाहून अगदी हळू आवाजात, मला दुखवू नये म्हणून, तो म्हणाला, “भैया, दीदी को तो अस्पताल भी नहीं बचा पाया.”

माझ्या बायकोनं त्याच्या आईसाठी पोळ्या बांधून दिल्या. मी त्याला स्कूटरवरून कुंडमच्या बसपर्यंत सोडलं. त्यानं खिडकीतून हात जोडले, आणि बस गेली. एप्रिल संपत आलाय, ताई. बरसातीला दोन महिने उरलेत.